रुमाल टाकलेली जागा

मार्चातली दुपार होती. लाइट गेली होती आणि मानोऱ्याच्या बसस्टँडसमोरच्या आपल्या ऑनलाइन सेंटरात जगदेव रजिस्टरनं वारा घेत बसला होता. तेवढ्यात दारात एक मुलगी उभी राहिली. पिवळा स्कार्फ, उन्हानं लाल झालेले गाल, आणि नजर थेट बाहेरच्या बोर्डावर. बोर्डावर सातबारा, पीकविमा, पॅन कार्ड आणि सगळ्यात वर एक भलंमोठं निळं विमान होतं. पेंटरनं ते जागा उरली म्हणून काढलं होतं, पण हे तिला कोण सांगणार?

"विमानाचं तिकीट भेटते का अथी?"

"भेटते ना."

"अन् तिथं कसं जा लागते, काय करा लागते... हे कोण सांगते?"

"मीच सांगतो."

"तुमी बसले हाये का विमानात?"

आता इथं खरं बोलायला काय जात होतं त्याचं? पण नेमका त्याच वेळी तिनं स्कार्फ सोडला, घामानं चिकटलेली बट बोटानं मागे सारली, आणि जगदेवच्या तोंडून निघून गेलं – "चार-पाच डाव."

"चार-पाच डाव!" तिचे डोळे मोठे झाले. त्या डोळ्यांत जगदेव स्वतःलाच एकदम उंच, देखणा आणि जग फिरलेला दिसला. वास्तविक हा गडी नागपूरच्या पुढे गेलेला नव्हता, आणि नागपूरलाही एसटीनंच गेला होता.

तिचं नाव वैजयंती. जवळच्याच खेड्यातल्या उकंडरावांची मुलगी. नर्सिंग झालेलं, आणि कोइम्बतूरला डोळ्यांच्या दवाखान्यात सहा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी निवड झालेली. बुधवारी सकाळी नऊला हजर व्हायचं. उशीर झाला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. घरात विमानात बसणारी ती पहिलीच.

सरळ विमान मिळालं नाही. जगदेवनं दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढली – नागपूर ते हैदराबाद एक, तिथून कोइम्बतूर दुसरं. मध्ये नऊ तासांची फट. मोठी बॅग दिली असती तर हैदराबादला ती उतरवून घेऊन पुन्हा द्यावी लागली असती, म्हणून फक्त हातातली बॅग न्यायची, सात किलोची. एवढं त्यानं वाचून काढलं होतं आणि एवढं तरी खरं होतं.

बॅग शेजारच्या बियाण्यांच्या दुकानातल्या काट्यावर मोजायची ठरली. त्यासाठी ती तीन वेळा आली. एकदा आली असती तरी भागलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"नऊ किलो दोनशे," जगदेव म्हणाला. "पुस्तकं काढा."

"पुस्तकं नाई काढत. आईचे सांडगे काढू का?"

"काढा. अथीच ठेवा, मी सांभाळतो."

"सांभाळता का खाता?"

"तुमी येईपर्यंत मोजून ठेवतो."

"मंग येतानी मोजून घेईन," ती म्हणाली आणि हसू लपवायला बॅगेत डोकं घातलं.

मग तिनं वही काढली. कानात कापूस घालू का, पाणी देतात का, एकेक प्रश्न. "अन् खिडकी भेटते का?"

"चटकन चढा लागते," जगदेव ऐटीत म्हणाला. "खिडकी रिकामी दिसली का रुमाल टाकून द्या."

"नंबर नसते का?"

"नंबर नावापुरता असते. आपल्या एसटीतही असतेच, मानते कोण?"

तिनं तेही लिहून घेतलं. "खिडकी – रुमाल." सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. सांगून टाकावं – आत्ता – असं ती रेघ पाहून जगदेवला वाटलं. पण ती इतक्या विश्वासानं बघत होती की जीभ उचलेना. दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी अवघड झालं, आणि तिसऱ्या दिवशी ती निरोप घेऊन गेली.

मंगळवारी सकाळी दहाला फोन आला.

"मी... रुमाल टाकला." आवाज रडवेला होता. "मांगून एक बाई आली. तिच्याजवळ त्याच नंबराचा कागद. विमानातल्या पोरीनं माहा रुमाल दोन बोटांत धरून वर केला अन् सगळ्यायले इचारलं, हा कोणाचा म्हणून. सारं विमान हासून राह्यलं होतं माह्यावर. तुमच्या विमानात चाललं होतं का असं?"

जगदेवचे कान तापले. आता तरी! पण माणूस एकदा घसरला की घसरतच जातो. "त्या... त्या कंपनीचे नियम बदलले असतीन."

"बरं. नऊ तास हायेत. बाहेर निघू का आतच थांबू?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. एका गाडीतून उतरलं की माणूस बाहेर येतो आणि दुसऱ्या गाडीसाठी पुन्हा आत जातो, एवढंच त्याला ठाऊक. "बाहेर निघा. मंग परत आत या."

अर्ध्या तासात पुन्हा फोन. "शिपाई आत सोडत नाई. चार तास आधीच सोडतो म्हणते. बॅग ठेवाले कोणी नाई, संडासातही संगं घेऊन जा लागते. ऊन हाये लय... तुमी काय करत होते अशा वेळी?"

"थांबा, पाहतो," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि दुसऱ्या कंपनीला लावला. वीस मिनिटं गाणं वाजलं. मग एका मुलीनं गोड आवाजात समजावलं. मोबाइलवर आधीच बोर्डिंग पास काढून ठेवला असता, तर हातातल्या सामानासकट आतूनच दुसऱ्या विमानाकडे जाता आलं असतं. बाहेर पडायची गरजच नव्हती. "सर, आपण पहिल्यांदाच प्रवास करताय का?"

जगदेवनं डोळे मिटले. "हाव," तो म्हणाला. "पहिल्यांदाच." इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा खरं बोलला, तेही एका अनोळखी मुलीशी!

मग त्यानं वैजयंतीला फोन लावला.

"वैजयंती, मी कधी विमानात बसलो नाई. विमानतळही पाह्यलं नाई. तुमी इचारलं अन् मी फेकलं. रुमालाचंही मनानंच सांगतलं. तुमी उन्हात बसल्या थे माह्यापायी."

पलीकडून ट्रॉलीच्या चाकांचा आवाज येत राहिला. मग फोन कट झाला.

लाजेनं माणूस मरत नाही, म्हणून तर लाज इतका वेळ टिकते. जगदेवनं तिचा बोर्डिंग पास काढून पाठवला. मग एकेक गोष्ट फोनवर विचारली आणि एकेक मेसेज केला. प्रत्येकाच्या सुरुवातीला लिहिलं – "हे मले माहीत नव्हतं, इचारून सांगतो." तिनं सगळे वाचले. उत्तर एकाचंही आलं नाही.

तेव्हा त्यानं स्टूल उचललं आणि दुकानाबाहेर भर उन्हात मांडलं. ती सावलीत जाईपर्यंत आपणही जायचं नाही, असं त्याच्या वेड्या डोक्यानं ठरवलं होतं. घामानं शर्ट पाठीला चिकटला. आणि अशातच समोरून उकंडराव आले.

"पोचली का बाप्पा पोरगी? अन् तू उन्हात काहून बसला?"

खोटं बोलायची ही शेवटची संधी होती. जगदेव उठून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगितलं. मान खाली, नजर त्यांच्या धुळीनं माखलेल्या चपलांवर.

उकंडराव हळूच म्हणाले, "आमच्यात कोणी बसलं नाई, म्हणून तं तुह्या भरवशावर धाडली होती."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते तसेच पाठमोरे निघून गेले आणि जगदेव पुन्हा उन्हात बसला.

पावणेतीनला दोन शब्द आले – "आत आले." तेव्हा तो सावलीत गेला. संध्याकाळी साडेसहाला आणखी एक मेसेज. "बसले. मधली सीट. रुमाल पर्समधे हाये."

हसावं की रडावं, त्याला कळेना. एवढं मात्र कळलं की या मुलीवर आपला जीव जडला आहे, आणि तिला तोंड दाखवायची सोय आपण आपल्या हातानं घालवली आहे.

दुसऱ्या दिवशी त्यानं बोर्डावरचं विमान पुसून टाकलं. कोणी तिकीट मागितलं तर आधीच सांगायचा, "मी बसलो नाई, इचारून सांगतो." आश्चर्य म्हणजे गिऱ्हाईक वाढलं. वैजयंतीचा मात्र फोन नाही. त्यानं एकदा माफी मागितली, त्यावर "ट्रेनिंग सुरू हाये" एवढंच उत्तर. सांडग्यांचा डबा कपाटात तसाच राहिला. एकही सांडगा त्यानं खाल्ला नाही.

सप्टेंबर आला. शेतात सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं. प्रिंटरची शाई आणायला जगदेव कारंज्याला, स्टँडसमोरच्याच दुकानात गेला होता. परतताना भुरभुर पाऊस, स्टँडवर ही गर्दी. मानोऱ्याची गाडी लागली तसा तो धावला, लोटालोटीत कसाबसा वर चढला. पाय ठेवायला जागा नव्हती. आणि त्या गर्दीत, मधल्या रांगेत, खिडकीजवळची एक सीट रिकामी! तिच्यावर एक पिवळा रुमाल. एक जण तिथं बसायला गेला तर बाजूच्या मुलीनं हात आडवा केला. "जागा धरली हाये, भाऊ."

वैजयंती! मांडीवर तीच सात किलोची बॅग.

जगदेव जागच्या जागी थिजला. सहा महिने कपाटात बंद केलेली लाज एकदम वर आली. तो उलटा फिरून उतरणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मघापासून पाहून राह्यले तुमाले. शाईवाल्याशी लय भांडत होते."

"ही... कोणासाठी धरली?"

"एका खोटारड्यासाठी."

"मले अजून लाज वाटते, वैजयंती."

"वाटलीच पाह्यजे." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "त्या दिवशी मी रडले. मंग तुमचे मेसेज आले. मले माहीत नव्हतं, इचारून सांगतो... अकरा डाव लिहिलं तुमी. मोजले मी. चुकलं तं असं सांगणारा मले कोणी भेटला नवता. अन् बाबानं फोनवर सांगतलं, थो बावळट उन्हात बसला होता म्हणून. रागात होते. पण दोनदा सांगतलं."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली, तसा जगदेवनं वरचा दांडा धरला. बसायचा धीर त्याला अजून होत नव्हता.

"सांडगे मोजून ठेवले," तो कसाबसा म्हणाला. "एकही कमी नाई."

ती हसली. मान खाली घालून, ओठ दाबून, अगदी काट्यापाशी हसली होती तशी.

"अन् ही जागा... कवापासून धरली?"

तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"हैदराबादपासून," ती म्हणाली. "बस ना आता... लोक उभे हायेत."

त्यानं रुमाल उचलला, नीट घडी घातली आणि खिडकीशी बसला. रुमाल तिच्यापुढे धरला. तिनं तो परत घेतला नाही.