उजव्या हाताचा ब्रेक

मोबाईल आधी लांब ठेवा. उलटा करून नको, लांब. भुताची गोष्ट ऐकायची हौस दांडगी, आणि उजेड मात्र मुठीत धरून बसायचंय! आणि तू गं, त्या पायरीवरून ऊठ, इकडे सरक. तिथून शेड दिसते. गोष्ट संपेपर्यंत शेडकडे बघायचं नाही.

"काका, तिथे नुसती गाडी आहे. झाकलेली."

नुसती! बरं. मग जरा हळू बोला. गाडीचे मालक आत झोपलेत. तुमच्या आत्याचे यजमान, म्हणजे आमच्या घराण्याचे जावईबापू. आता ऐकू येतंय ते त्यांचं घोरणं. ते अगदी ओरिजिनल आहे.

हसू नका. हा शब्द या घरात हसण्यावारी नेलेला चालत नाही. जावईबापूंचं फरशांचं दुकान आहे आणि वेड जुन्या गाड्यांचं. वेड असू दे, आमचं काही म्हणणं नाही. पण या माणसाला गाडी चालवण्यात रस नाही, तिच्या नखापासून केसापर्यंत सगळं कंपनीतून निघालं तसं आहे की नाही, यात रस. कुणाची जुनी गाडी बघायला गेले की नमस्कार नंतर, आधी गुडघ्यावर बसून खाली डोकावणार. "हा बोल्ट नंतरचा आहे." "ही काच बदललीय." बिचारा यजमान चहाचा ट्रे घेऊन उभा, आणि हे त्याच्या गाडीखालून त्याला नापास करतायत. स्वतःचे पुढचे दोन दात डॉक्टरने बसवलेले आहेत, त्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

शेडमधली गाडी त्यांची नव्हेच. ती माझ्या थोरल्या काकांची. तुमच्या आत्याचे, म्हणजे आमच्या ताईचे वडील. गर्द हिरवी, पाठीला गोल, दार लावलं की तिजोरी लावल्यासारखा आवाज. काकांना मधल्या वयात मोठं आजारपण आलं आणि उजव्या पायातली ताकद गेली. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता टेकवता यायचा, पण ब्रेक दाबायचा म्हटलं की पाय ऐकायचा नाही. सगळे म्हणाले, गाडी विका. काका म्हणाले, "पायाने नाही थांबली तर हाताने थांबवू. शेवटी थांबली म्हणजे झालं ना?"

त्या गाडीला हँडब्रेक होता तो डॅशबोर्डखाली, छत्रीच्या मुठीसारखा. ओढायचा आणि पिळायचा. उभी गाडी उभी राहावी एवढाच त्याचा जीव. काकांनी तो काढून टाकला. ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला, सीट आणि दार यांच्या मधे, पत्र्याला भोक पाडून एक लांब लोखंडी लिव्हर बसवलं. खाली दातेरी पट्टी, तिथून जाड तार थेट मागच्या दोन्ही चाकांना. वर धरायला आपल्या खोलीच्या दाराची पितळी मूठ काढून बसवली. पुढे कित्येक वर्षं त्या खोलीचं दार सुतळीने बांधलेलं असायचं.

गाडी थांबवताना आवाज यायचा, कट्, कट्, कट्. आणि गाडी पूर्ण थांबल्यावर काका आणखी एक दाता ओढायचे. उगीचच. सवय. जरा थांबून, शेवटचा... कट्. ताई लहानपणी अंथरुणात तो शेवटचा कट् ऐकायची आणि मगच झोपायची. वडील आले.

काका गेले, गाडी ताईकडे आली. जावईबापूंनी दार उघडलं, ते लिव्हर बघितलं, आणि नाकाला रुमाल लावावा तसा चेहरा केला.

"हे काय? सासरेबुवांनी गाडीला कुबडी लावलीय!"

ताई म्हणाली, "एवढं राहू दे ना. बाबांचा हात बसलाय त्यावर."

"अगं, पण कंपनीने दिलेलं नाही ना ते!"

म्हणजे बघा, माणूस आयुष्यभर ज्याच्या भरवशावर गाडी चालवून जिवंत घरी आला, ते खोटं. आणि कुठल्याशा कारखान्यातून आलं ते खरं. गॅसकटर लावून कापलं लिव्हर. तारेसकट भंगारात गेलं. भोकावर पत्रा वेल्ड केला, घासला, रंगवला. वर जुन्या विणीचा लोकरीचा गालिचा खास बनवून घेतला आणि प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात अंथरला. ती पितळी मूठ तेवढी ताईने भंगारवाल्याच्या टोपलीतून उचलून आणली.

आता पुढची अक्कल ऐका. ती छत्रीची मूठ, मूळची, कुठून कुठून शोधून जावईबापूंनी मिळवली. पण तिला लागणारी तार काही मिळेना. साधी तार कुठल्याही दुकानात मिळते. "छे! ओरिजिनल मिळेपर्यंत दुसरी लावायची नाही." म्हणून मूठ नुसती खोचून ठेवली. दिसायला हँडब्रेक, ओढला तर कशालाच जोडलेला नाही.

"पण काका, पायाचा ब्रेक होताच की."

होता ना. त्यात तेल दाबणारी रबरं असतात. ती जावईबापूंनी कंपनीच्या सीलबंद डब्यातली आणली. डबा त्यांच्यापेक्षा वयाने थोडाच लहान. मला हातात घेऊ दिला नाही, लांबूनच दाखवला, नवजात बाळ दाखवावं तसा. मी म्हटलं, "जावईबापू, रबर आहे ते. दारू नाही, जुनी झाली की चढायला." ते म्हणाले, "तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

नाही कळलं. अजून नाही कळलं.

तर डिसेंबरातला दुसरा शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरापलीकडच्या शहरात प्रदर्शन. सगळं मूळचं असेल त्या गाडीला तिथे एक पितळी पाटी द्यायचे, पुढच्या बंपरवर लावायला. जावईबापूंना जगात दुसरं काही नको होतं. ती पाटी लावायची जागासुद्धा त्यांनी खडूने आखून ठेवली होती. गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे असा नियम. दिवसा रस्त्यावर धूळ आणि गर्दी, जुनं इंजिन तापतं. म्हणून रात्रीची जेवणं झाल्यावर निघाले. ताईला बरोबर घेतलं. का? तर काच पुसायला. वायपरही ओरिजिनल होता.

रस्ता मोकळा. थंडी मजबूत. इंजिन छान गुणगुणत होतं. जावईबापू खुशीत. डोंगर चढेपर्यंत एकच विषय, पाटी घेताना फोटो गाडीच्या डाव्या बाजूने काढायचा की उजव्या. ताईच्या मांडीवर पर्स, पर्समधे ती पितळी मूठ. का घेतली, ते तिला विचारलं तर म्हणाली, "असंच. त्यांची गाडी चालली होती ना."

माथा आला. पलीकडे उतार.

पहिल्या वळणावर ब्रेक लागला. दुसऱ्या वळणाला जरा मऊ लागला. जावईबापू म्हणाले, "नवीन आहेत, बसतायत."

नवीन!

तिसऱ्या वळणाआधी त्यांनी पाय ठेवला, आणि पेडल गेलं. खाली. पार पत्र्याला टेकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच, ओल्या चिखलात पाय घालावा तसं. डब्यातल्या त्या बाळाचा भुगा झाला होता.

"काय झालं?" ताईने विचारलं.

जावईबापू गिअर खाली टाकायला गेले. खर्रर्र झालं, पडला नाही. गाडी आता मोकळी. उतार तिला ओढतोय. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात समोर वळण. वळणावर बुटका कठडा. कठड्यापलीकडे... उजेड जात होता, आणि कशालाच लागत नव्हता.

"अहो, हँडब्रेक!"

त्यांनी छत्रीची मूठ धरली. ओढली. ती सरळ हातात आली.

अख्खी.

बघा काय दृश्य असेल. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात खऱ्याखुऱ्या कंपनीचा खराखुरा हँडब्रेक. आणि गाडी दरीत चाललीय.

ताईने डोळे मिटले.

यापुढचं मला जावईबापूंनीच सांगितलं. एकदाच. नंतर कधी विषय काढू दिला नाही.

ते म्हणाले, "माझा उजवा हात स्टिअरिंगवर होता. तो मी काढला नाही."

मी म्हटलं, मग?

"कुणीतरी काढला."

मनगट धरलं होतं. घट्ट नाही. रस्ता ओलांडताना मुलाचं धरतात तसं. हात खाली नेला. सीट आणि दाराच्या मधे. तिथे काही नव्हतं. ते त्यांना माहीत होतं. त्यांनीच कापलं होतं.

तिथे होतं.

गार. गोल. पितळी.

त्यांची बोटं मिटली त्यावर. त्यांनी मिटली नाहीत.

आणि मागे ओढलं.

कट्.

कट्.

कट्...

मागची चाकं किंचाळली. गाडी आडवी होत गेली. ताईचं डोकं खिडकीवर आपटलं. कठडा आला... आणखी जवळ आला...

थांबला.

म्हणजे गाडी थांबली. बंपर कठड्याला टेकला होता. बरोबर खडूची खूण होती तिथे.

इंजिन बंद पडलं. दिवे मंद झाले. बोनेट तडतडत होतं, तेवढाच आवाज. जावईबापूंचा उजवा हात अजून खालीच. मूठ मिटलेली. त्यांनी मान वळवून बघितलं.

मुठीत हवा होती.

ताईने पर्स उघडली. चाचपलं. पितळी मूठ पर्समधेच होती. पण ती... तापलेली होती. नाही, तेवढ्यावरून मी काही म्हणत नाही. तिच्या मांडीची ऊब असेल. पुढचं ऐका.

गाडी केव्हाची थांबली होती. दोघंही हलत नव्हते. आणि मग, जरा थांबून, उजव्या दाराजवळ...

कट्.

एकच.

ताई अंधारात म्हणाली, "बाबा?"

...

नाही. उत्तर नाही आलं. उत्तर आलं असतं तर मी ही गोष्ट थापाड्याची म्हणून सोडून दिली असती.

उजाडायच्या आत जावईबापूंनी टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं. वाकण्यात ते तरबेज. मागच्या चाकांना एकही तार नाही. जिथे जोडायची तिथे दोन मोकळे आकडे, तेल लावून पुसून ठेवलेले. आणि रस्त्यावर मागच्या चाकांचे लांबच लांब काळे पट्टे.

तुम्ही काय केलं असतं? घरी आला असता. पाया पडला असता. जावईबापूंनी फोन करून मेकॅनिक बोलावला, कुठल्याही दुकानातली साधी नवी रबरं टाकून घेतली, आणि थेट प्रदर्शनाला गेले! रबर आत असतं, कुणाला दिसतंय? सासऱ्याने मेल्यावर येऊन जीव वाचवला, पण डोक्यातून पाटी गेली नाही.

ताई रिक्षाने घरी आली.

प्रदर्शनात परीक्षक एक बाई होत्या. जाड चष्मा, कमी बोलणाऱ्या. इंजिन बघितलं, दिवे बघितले, छत्रीची मूठ बघितली, मान डोलावली. जावईबापूंनी खिशातून कंगवा काढला, फोटोसाठी. मग बाईंनी ड्रायव्हरचं दार उघडलं. वाकल्या. गालिच्यावरून बोट फिरवलं.

"इथे नंतरचं लिव्हर होतं ना?"

"छे हो! कधीच नाही."

"मग हे काय?"

सीट आणि दाराच्या मधे गालिच्याला एक फट पडली होती. कापलेली नव्हे. झिजलेली. लोखंड वर्षानुवर्षं पुढे-मागे होत राहिलं की कापड जसं कडेला पातळ होतं, चकाकतं, धागे गोंडे होऊन बसतात, तशी. बाईंनी गालिचा उचलला. खाली पत्रा अखंड. वेल्ड तसंच. रंगाला ओरखडा नाही.

आठवड्यापूर्वी अंथरलेला गालिचा, पोरांनो.

पाटी दुसऱ्या कुणाच्या तरी बंपरवर गेली.

तेव्हापासून गाडी या शेडमधे आहे. चाकं काढून विटांवर ठेवलीय. ताई म्हणते, बाबांचं लिव्हर परत बसवा. जावईबापू ऐकत नाहीत. गालिचा बदलतात. नवा घातला की त्याच जागी पुन्हा फट पडते. म्हणतात, "कसर लागते." कसर! सगळा गालिचा सोडून एकाच जागी, पट्टी लावून सरळ रेषेत खाणारी कसर! फरशा विकणाऱ्याची बुद्धी, दुसरं काय.

"काका... घोरणं थांबलंय."

कूस बदलली असेल. घाबरू नका.

परवाच त्यांनी आणखी एक नवा गालिचा टाकला. आज दुपारी तुम्ही सगळे झोपला होता, तेव्हा मी कव्हर उचलून बघून आलो. फट पडलीय. ताईकडून पहिला, प्रदर्शनातला गालिचा मागून घेतला आणि त्यावरची फट याच्यावर लावून बघितली. पुढून तंतोतंत जुळते.

मागून नाही जुळत.

मागे, लिव्हर ओढायच्या बाजूला, थोडी जास्त आहे. बोटाच्या पेराएवढी.

एक दाता.