आठवा सिलिंडर

सोमवारी सकाळी, नऊला पाच कमी असताना, माझ्या गाडीला हुडहुडी भरली.

मी चौकात सिग्नलला उभी होते. धुकं इतकं दाट, की पुढच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. आधी स्टिअरिंग थरथरलं, मग सीट, मग मी... आणि समोर एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं इवलंसं चित्र. चार वर्षांत तो एकदाही लागला नव्हता. आता ही पेट घेणार, असंच मला वाटलं! वळणावर एक गॅरेज दिसलं, तशी गाडी सरळ आत घातली.

किती वर्षं झाली, पण ते गॅरेज मला अजून जसंच्या तसं दिसतं. नुकती पुसलेली करडी फरशी. भिंतीवर प्रत्येक पान्याच्या आकाराची रेघ काढलेली आणि प्रत्येक पाना आपापल्या रेघेत. दाराशी टेबलामागे एक वयस्क बाई फोन सांभाळत स्वेटर विणत होत्या. मान वर न करता त्यांनी आत हाक दिली, "अरे, आली बघ एक लंगडत!"

"मी?"

"तुम्ही नाही हो. गाडी!"

एका गाडीखालून तो बाहेर आला. पंचेचाळिशीचा, कानांवर केस पांढरे व्हायला लागलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काही न विचारता त्यानं स्टिअरिंगखाली एक वायर जोडली आणि वायरीच्या टोकाचं यंत्र हातात धरलं. मग हात थोडा लांब केला. आणखी लांब... आणखी...

"मिसफायर आहे. म्हणजे ठिणगी नीट पडत नाहीये," तो गंभीरपणे म्हणाला. "आठव्या सिलिंडरमध्ये."

"माझ्या गाडीला सिलिंडर किती?"

"चार."

विणकामाच्या सुयासुद्धा थांबल्या. मी त्याच्या हाताखालून डोकावले. "तीन आहे तो. आठ नाही."

"या यंत्राचा पडदा खराब झालाय..."

"पडदा छान आहे. तुमचा हात आखूड पडतोय."

"बघ!" टेबलामागून आवाज आला. "दोन वर्षं घसा कोरडा करतेय मी, चष्मा घे, चष्मा घे!"

"आत्या, गिऱ्हाइकासमोर तरी..."

"गिऱ्हाइकालाच कळलं, माझं काय चुकलं?"

"मी चष्म्याचे नंबर काढते," मी म्हणाले. "मागच्याच गल्लीत दुकान आहे. म्हणजे... शुक्रवारपर्यंत आहे."

शनिवारी मी ते शहर कायमचं सोडणार होते. तीनशे किलोमीटर, मधे मोठा घाट, पलीकडे ताईचं घर. आई गेल्यापासून ताईनं एकच धोशा लावला होता, एकटी किती दिवस काढणार आहेस? वरची खोलीही रंगवून ठेवली होती तिनं. मी एक्केचाळीस वर्षांची होते. शेवटी हो म्हटलं. जाऊ नकोस म्हणणारं इथं कोणी नव्हतं, एवढंच त्याचं कारण.

"घाट चढायचाय? मग दोष नीट शोधायला हवा," तो म्हणाला आणि त्यानं बॉनेट उघडलं. "हे बघा, प्रत्येक सिलिंडरवर एक कॉइल. ठिणगी तिच्यामुळे पडते. तिसऱ्यावरची काढून दुसऱ्यावर बसवतो, दुसऱ्यावरची तिसऱ्यावर. दिवा पुन्हा लागला आणि यंत्रावर दोन आलं, तर कॉइल वाईट. तीनच आलं, तर कॉइल बिचारी निर्दोष."

"सगळंच एकदम बदलून का नाही टाकत?"

"मग काय बिघडलं होतं, ते कळणार कसं?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षं मी दुसरं काय करत होते? एक भिंग लावायचं, काढायचं, दुसरं लावायचं. पहिलं बरं, की दुसरं? ...मी बॉनेटखाली आणखी वाकले. आणि बघण्यासारखं तर तिथं काहीच उरलं नव्हतं!

मंगळवारी सकाळी दिवा लागला. आयुष्यात बिघाडाचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. त्यानं यंत्र माझ्याच हातात दिलं. "वाचा तुम्ही."

"दोन!" परीक्षेचा निकाल लागावा तशी मी ओरडले. "दोन आलं, दोन!"

"कॉइलच!" तोही ओरडला. आम्ही दोघं असे हसलो, की आत्यांचा एक टाका सुटला.

"नवी मागवतो," तो म्हणाला. "तोवर माझ्या गाडीतली काढून तुम्हाला लावतो. फक्त... रोज सकाळी एकदा दाखवून जा."

"रोज?" आत्यांनी विचारलं.

"रोज."

"काळजी घ्यावी तेवढी थोडीच," आत्या सुयांना म्हणाल्या.

बुधवारी गेले, तर मांडणीच्या वरच्या फळीवर एक नवं खोकं. वीस फुटांवरून मी त्यावरचं बारीक अक्षर वाचलं. इग्निशन कॉइल. माझ्याच गाडीचं मॉडेल. आणि पोचल्याची तारीख – त्याच दिवशीची.

"पार्ट आला का?" मी विचारलं.

"अं... नाही. उद्या बघू..." तो पुसलेलाच पाना पुन्हा पुसू लागला.

तो खोटं बोलत होता! माझ्यासाठी! मी नुसती मान हलवली आणि दुकानापर्यंत गाणं गुणगुणत गेले. त्या दिवशी एका आजोबांना दोनदा तपासलं मी, पैसे एकदाच घेऊन.

गुरुवारी आत्यांनी मला हळूच सांगितलं, "स्वतःची गाडी उघडून ठेवलीय ह्यानं. कालपासून पायी येतोय." तरी त्या खोक्याचं नाव मी काढलं नाही. वर त्यालाच म्हणाले, "उद्या संध्याकाळी डोळे तपासून घ्या. मी जायच्या आत."

शुक्रवारी सकाळी त्यानं गाडी ठेवून घेतली आणि संध्याकाळी स्वतः घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस. नखांत मात्र ग्रीसची काळी रेघ तशीच. माझ्या दुकानात नुसती खोकी उरली होती. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, एक खुर्ची आणि तपासणीची जड गोल फ्रेम, एवढंच मी बांधलं नव्हतं. ती फ्रेम चढवल्यावर तो दचकलेल्या घुबडासारखा दिसायला लागला.

वाचायचं कार्ड त्याच्या हातात दिलं. भिंग लावलं, बदललं. "पहिलं बरं, की दुसरं?"

"दुसरं... तुमच्या भुवईत तीळ आहे!"

"कार्ड वाचा."

"कधीपासून आहे तो?"

"एक्केचाळीस वर्षं. कार्ड!"

त्यानं कार्ड मांडीवर ठेवलं. "एक सांगायचं होतं. तो पार्ट..."

"बुधवारीच आला. वरची फळी, डावीकडून तिसरं खोकं."

फ्रेममागचे डोळे केवढे मोठे झाले! "तुम्हाला माहीत होतं? अहो, तीन दिवस पायी चालतोय मी!"

"आत्या म्हणाल्या."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

तो हसायला लागला, मग थांबला. "आज बसवली. दिवा गेलाय. उद्या घाट आरामात चढेल तुमची गाडी." आणि खाली बघून फ्रेमची दांडी चाचपत बसला.

जा म्हणाला नाही. राहा म्हणाला नाही. बाहेर रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. माझी छाती अशी धडधडत होती, की त्याचं ते यंत्र मला जोडलं असतं, तर सगळे आकडे एकदम दिसले असते. मी भिंग उचललं.

"शेवटचं. नीट बघून सांगा. पहिलं..." मी भिंग लावलं, "मी उद्या जाते." भिंग काढून दुसरं लावलं. "दुसरं... मी राहते. पहिलं बरं, की दुसरं?"

त्यानं दोन्ही हातांनी फ्रेम नाकावर नीट बसवली.

"दुसरं पुन्हा एकदा दाखव," तो म्हणाला. दाखव... दाखवा नाही!

"मी राहते."

"हेच," तो म्हणाला आणि माझं मनगट भिंगासकट धरून ठेवलं. "हेच राहू दे."

शनिवारी आम्ही घाट चढलो. गाडी मी चालवत होते. शेजारी तो माझ्या खोक्यातला नवा तयार चष्मा लावून नकाशातलं प्रत्येक गाव मोठ्यानं वाचत होता आणि मागच्या सीटवर आत्या विणत होत्या. पिवळा दिवा काही लागला नाही.

ताई फाटकात उभी होती. डिकी उघडून तिनं आत बघितलं. "सामान कुठंय गं?"

"सामान नाही आणलं, ताई. माणसं आणलीत."

ताईनं त्याला चष्म्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं. "आणि हे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या खाली उतरल्या, लोकरीचा गुंडा काखेत मारला आणि म्हणाल्या, "हा? हा आठवा सिलिंडर!"

ताई आजही त्याला त्याच नावानं हाक मारते. आणि सकाळी पेपर हातभर लांब धरून बसला, की मीसुद्धा.