रिकाम्या विमानाचं वजन

जुनी विमानं विकत घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या वतीने ती तपासून देणं हा माझा धंदा; मला सगळे रस म्हणतात. अमेरिकेतल्या विचिटा शहरातल्या एका हँगरमध्ये मी अशी कितीतरी विमानं उघडून पाहिली आहेत. त्या फेब्रुवारीतलं गिऱ्हाईक म्हणजे लाइल ब्रेक्के, साउथ डकोटातले पशुखाद्याचे कारखानदार. समुद्रापार जाईल असं ऐसपैस विमान घ्यायचं, हा त्यांच्या मुलाचा, अँडर्सचा हट्ट. हे विमानही त्यानेच फोटो बघून हेरलेलं. आदल्या ऑक्टोबरात तो मोटारीच्या अपघातात गेला. एकुलता एक. सौदा मात्र लाइल सोडायला तयार नव्हते.

इंजिनं उत्तम निघाली. सांगाड्याला कुठे गंज नव्हता. वजन तेवढं करायचं राहिलं. वाऱ्याने वजनाचे काटे हलू नयेत म्हणून हँगरची दारं लावली, पंखे बंद केले, इंधनाच्या टाक्या आधीच रिकाम्या केल्या होत्या. नाकाच्या चाकाखाली एक आणि मागच्या चाकांखाली दोन, अशा तीन काट्यांवर विमान चढवलं.

"कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त भरतंय," हँगरची प्रमुख डेल्फीन ऑक्स म्हणाली. "आत कोणी राहिलंय का?"

मी आत जाऊन आलो. खुर्च्या, शेपटीकडचा कोच, स्वयंपाकाची जागा, संडास. कोणी नव्हतं. चामड्याचा वास होता आणि हवा जरा कोंदट, माणसं झोपलेल्या खोलीत असते तशी.

"तुझे काटे बिघडलेत," मी म्हणालो.

"कालच तपासून घेतलेत. तुझं डोकं तपासून घे."

काटे बदलले. आकडा तोच. एका धडधाकट माणसाएवढा जास्त.

दुपारी आम्ही नुसते बघत उभे होतो. मागच्या काट्यांवरचा भार कमी होऊ लागला आणि नाकाखालच्या काट्यावर वाढू लागला. थोडासा. मग थांबला. मग पुन्हा थोडासा. शेपटीकडून कोणी सावकाश पुढच्या दाराकडे चालत यावं तसा.

डेल्फीनने हातातली कॉफी खाली ठेवली.

"किती जास्त आहे?" मागून लाइलनी विचारलं. ते कधी आले होते कोण जाणे.

"माणसाएवढं."

"उंचापुऱ्या पोराएवढं?"

"लाइल, अँडर्सने या विमानात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं."

"मी काय विचारलं, रस?"

उत्तराची वाट न बघता ते जिना चढून आत गेले. आतून त्यांचा हळू आवाज आला.

"चल रे राजा. आई वाट बघतेय."

थोड्या वेळाने ते एकटेच बाहेर आले. त्या अरुंद जिन्यावरून अगदी एका कडेला सरकून उतरले.

मी काट्यांकडे पाहिलं. वजन आता बरोबर होतं.

सौदा झाला. काही दिवसांनी लाइलच्या बायकोचा, इनेझचा फोन आला.

"रस, ह्यांनी घरी कोणाला आणलंय?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"अँडर्स आहे म्हणतात. अरे, मी आई आहे ना? हा आमचा नाही. ह्याला घरसुद्धा ठाऊक नाही. एकेक दार उघडून बघत हिंडतो. तळघराचं, भांड्यांच्या कपाटाचं. अँडर्सची खोली त्याला सापडत नाही."

"तुम्ही थोडे दिवस बहिणीकडे जाऊन राहा."

"लाइल जेवायला लागलेत रे. आज हसले," ती म्हणाली आणि रडू लागली.

एप्रिलमध्ये मीच फोन केला. तिचा आवाज शांत होता. दमलेला.

"हिंडतो का अजून?"

"नाही. मीच खोली दाखवली. किती दिवस हिंडायचं त्याने?"

मागे कुठेतरी लाइल मोठ्याने काहीतरी सांगत होते, मधेच उत्तरासाठी थांबत होते.

"अँडर्सचे कपडे देऊन टाकले," इनेझ म्हणाली. "ह्याला आखूड होतात."