ती आली की थांबणारी गिटार

ही गोष्ट खरी आहे. तुम्हाला पटली नाही तरी चालेल. जिच्यावर गुजरली तिलाही अजून पटलेली नाही.

रात्र नव्हती. दुपारचे सव्वातीन वाजले होते. घराच्या मागची खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, वर ट्यूबलाईट चालू.

पण त्याआधी तीन आठवड्यांपूर्वीचा मंगळवार सांगायला हवा. शेवटचा साधा दिवस.

त्या दिवशी ती बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या द्यायला गेली होती. बाबा रॉक बँड चालवायचे. गिटार त्यांची, चाली त्यांच्या, हेकाही त्यांचाच. आठ अल्बम झाले, त्यात पाच गायक बदलले. "गायक म्हणजे भाड्याची सायकल," ते म्हणायचे. बदलला नाही तो फक्त ड्रमवरचा ढोल्याकाका. गाणी दणदणीत, तरी गुणगुणता येतील अशी. आणि प्रत्येक गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर गिटारचा अर्ध्या मिनिटाचा सोलो. लोक त्या अर्ध्या मिनिटावर जीव टाकायचे.

ती त्या मागच्या खोलीच्या दारापाशी आली तेव्हा आत गिटार वाजत होती.

तिने दार ढकललं.

थप्... तारांवर तळहात पडला. आवाज बंद.

हे नेहमीचंच होतं. ती आली की वाजवणं थांबायचं. लहानपणापासून. जणू घरात कोणी परकं शिरलंय.

"नवव्या अल्बमचं शेवटचं गाणं झालंय," बाबा म्हणाले. "ऐकतेस? चार मिनिटांचं आहे."

"बाबा, तुझा एकही अल्बम मी ऐकलेला नाही. आता नवव्यापासून कुठे सुरुवात करू?"

"तेही खरंच," ते हसले. "शेवटून सुरुवात करू नये माणसाने."

तिने गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला.

ती धादांत खोटं बोलली होती. आठही अल्बम तिने ऐकले होते. कानात इअरफोन खुपसून, बाथरूमचा नळ सोडून, पुढे नोकरीच्या बसमध्ये. तिला ते तोंडपाठ होते. पण ते बाबाला कळू द्यायचं नाही, हे तिने ठरवलं होतं. त्याने आयुष्यभर घराला ताटकळत ठेवलं. मग एका गोष्टीसाठी तोही ताटकळू दे.

आता ताटकळायला कोणी उरलं नव्हतं. लोक येऊन सांगत होते, "कलाकार माणूस गेला हो." तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कलाकार गेला म्हणे. आणि बाप? तो कधी आला होता?

तीन आठवड्यांनी ती खोली आवरायला गेली. ॲम्प्लिफायरचा प्लग काढून वायर गुंडाळली. गिटार पेटीत ठेवून खटके लावले. मग वाटलं, एकदा उघडपणे ऐकू. आता कोणापासून लपवायचंय?

तिने टेबलावरच्या स्पीकरवर पहिला अल्बम लावला. चौथं गाणं. पहिलं कडवं, दुसरं कडवं...

थप्.

ड्रम चालू होते. बेस चालू होता. सोलो मात्र नव्हता.

अर्धं मिनिट रिकामं गेलं आणि गायक पुन्हा सुरू झाला, जणू काही घडलंच नाही.

ती प्रुफं तपासायचं काम करते. गाळलेली ओळ तिच्या नजरेतून सुटत नाही. तिने दुसरा अल्बम लावला. तिसरा. सहावा. आठवा.

प्रत्येक ठिकाणी तेच. थप्... आणि मोकळी जागा.

भीती नंतर वाटली. आधी संताप आला. मेल्यावरही गैरहजर.

तिने ढोल्याकाकाला फोन केला. तो वीस मिनिटांत गाडी घेऊन आला.

"सगळ्या सोलोंची वाट लावलीये कोणीतरी," ती म्हणाली. "पहिल्या अल्बमच्या चौथ्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर तो खालून वर चढत येतो ना, तो तुकडाच नाहीये."

काका तिच्याकडे बघत राहिला.

"तू तर कधी ऐकलंच नव्हतंस ना, शहाणे?"

तिने स्पीकर बंद केला.

"आत्ता गाडीत हाच अल्बम ऐकत आलो मी. सोलो जागच्या जागी आहे. चल, दाखवतो."

ती गाडीत त्याच्या शेजारी बसली. चौथं गाणं. दुसरं कडवं...

थप्.

काकाचा चेहरा उतरला. "आत्ता तर होता गं..."

ती खाली उतरली. दार लावलं. काकाने गाणं मागे नेऊन पुन्हा लावलं. बंद काचेतून तिला दिसलं... त्याची बोटं स्टिअरिंगवर नाचायला लागली, मान डोलायला लागली. आत सोलो वाजत होता.

तिने दार उघडलं.

थप्.

काकाने गाडी बंद केली. मग म्हणाला, "अगं, तू आलीस की तो थांबायचाच. तुला माहीत नाही का?"

"माहितीये. मला परकी समजायचा."

"परकी? तूच बजावलं होतंस त्याला. तुझ्या आईचं ऑपरेशन सकाळी होतं आणि तिसऱ्या अल्बमचा सोलो जमेना म्हणून हा संध्याकाळी दवाखान्यात पोचला. तू अकरा वर्षांची होतीस. म्हणालीस, तुझी गिटार पुन्हा माझ्या कानावर पडता कामा नये. मी तिथेच होतो. त्याने पाळलं ते. बाकी काही धड पाळलं नाही गाढवाने, एवढं मात्र पाळलं."

ते वाक्य ती पार विसरली होती.

ती एकटीच खोलीत परत गेली. पहिला अल्बम लावला. राग अजून होताच. एवढं पाळायचं होतं, तर त्याऐवजी वेळेवर यायचंस. एका लहान पोरीचं बोलणं कोणी इतकं मनाला लावून घेतं?

दुसरं कडवं संपलं.

थप्.

पण या वेळी तो आवाज स्पीकरमधून आला नव्हता.

तो तिच्या मागून आला होता. गिटारच्या बंद पेटीतून.

गुंडाळलेली वायर जागेवरच होती. प्लग जमिनीवर होता. तरी ॲम्प्लिफायरचा लाल दिवा... लागला होता. आणि खोलीत कोणीतरी श्वास रोखून, तारांवर तळहात दाबून, तिच्या निघून जाण्याची वाट बघत होतं.

ती वळली नाही. आजही तिला वाटतं, वळायला हवं होतं.

"थांबू नकोस," ती म्हणाली. "खोटं बोलले मी, बाबा. आठही ऐकलेत. सगळे मला पाठ आहेत. अजून चिडलेली आहे मी तुझ्यावर. पण वाजव. मी इथेच बसते."