शून्यावरचा चॅनेल

विश्वास कोणावर ठेवावा, तुम्हीच सांगा: आपल्या माणसावर, की आपल्या मालावर? बसा, चहा सांगितलाय. तुमच्या साइटसाठीचे वायरलेस सेट तयार आहेत, पण नेण्याआधी एवढं ऐकून जा.

हा धंदा मी कुठल्या शाळेत शिकलो नाही. सेट उघडत, जाळत, पुन्हा जोडत शिकलो. आत नखाएवढी चिप असते. केबल लावून तिला सांगायचं, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोल, लहरीवर आवाज किती पसरून चढव, आणि खुणेचा बारीक सूर मिळाल्याशिवाय स्पीकर उघडू नकोस. झालं. एक गिऱ्हाईक एकदा सेट परत घेऊन आलं. म्हणे, यातून बायकोचाच आवाज येतो. मी म्हटलं, मग सेट उत्तम आहे, बिघाड तुमच्यात आहे.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान बोगद्याच्या कामावर देखरेखीला होते. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. एका दुपारी ते सेटांचं खोकं घेऊन दुकानात आले. खोक्याला ओल्या मातीचा वास येत होता. मध्यंतरी बोगद्याची एक बाजू बसली आणि मुकादम हातातल्या सेटसकट आत गाडला गेला. काढता आला नाही. शेवटी ती बाजूच बुजवून टाकली.

"चॅनेल बदलून द्या," दाजी म्हणाले. "माणसं खाली टिकत नाहीत. हजेरी घ्यायला लागलं की त्याचा आवाज येतो."

"अहो, बॅटरी कधीच मेली असेल त्याची."

"ते मला नका सांगू. त्याला सांगा."

मी हसलो. नवी फ्रिक्वेन्सी मनातल्या मनात ठरवली, कोणाला बोललो नाही. सूर बदलला. पहिला सेट केबलवरून सोडवला, बटण दाबून "हॅलो" म्हटलं आणि बोट उचललं.

बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर हॉर्न चालू होते. दुकानात मात्र पाणी ठिबकायला लागलं. सेटमधून. एक थेंब... मग आणखी एक... मग कोणीतरी ओढून घेतलेला श्वास.

"वर... किती जण पोचले?"

दाजींनी माझ्या हातातून सेट कधी घेतला, कळलंच नाही.

"ओ देऊ नका," मी पुटपुटलो.

"माणूस विचारतोय हो. सांगायला नको?" त्यांनी बटण दाबलं. "सगळे पोचले, मुकादम. तुम्ही तेवढे..."

सेट खरखरला.

"सगळे? मग हा... माझ्याशेजारी कोण बसलाय?"

आणि स्पीकरमधून दाजींचा आवाज आला, "मीच की. सरका थोडे."

दाजी माझ्यासमोर उभे होते. ओठ मिटलेले. बटणावर बोट नव्हतं.

"आज जाऊ नका," मी म्हटलं. "उद्यापासून इथेच बसा. निम्मं दुकान तुमचं."

"माणसं आत्ता खाली आहेत, दादा. सुरुंगाचा इशारा सेटवरूनच जातो. सेट इथे ठेवून मी त्यांना बहिरं करू?"

 उरलेल्या सेटांतही नवा चॅनेल भरला, सगळे खोक्यात ठेवले. दोरीची गाठ त्यांनीच मारली.

त्या दिवशी काही कोसळलं नाही. काम सुटताना नेहमीसारखी सेटवर हजेरी झाली. दाजींचा "हजर" सगळ्यांनी ऐकला, म्हणून फाटक लावून सगळे घरी गेले. बहिणीने फोन केला तेव्हा शोध सुरू झाला. बुजवलेल्या तोंडापाशी एका दगडावर त्यांचा सेट होता. कोरडा. बॅटरी काढून शेजारी नीट ठेवलेली. दाजी नव्हते. अजून नाहीत.

बहीण म्हणाली, "दादा, तो सेट मला दे." देण्याआधी मी चिप वाचून पाहिली. मी भरलेले चॅनेल जागच्या जागी होते. त्यांच्या खाली आणखी एक होता. फ्रिक्वेन्सी: शून्य. अहो, शून्यावर लहरच नसते, आवाज चढवणार कशावर? माझं मशीन शून्य लिहूनच घेत नाही. पुसलं, परत वाचलं. तिथेच.

आता ती दिवसभर सेट कानाशी धरून बसते. ताटातलं ताटात राहतं. परवा मी तिला हाक मारली. "ओ, दादा" आधी सेटमधून आलं. मग तिने मान वर केली, आणि कोण बोलावतंय ते तिला चटकन कळलं नाही.

तुमचे सेट नवेकोरे आहेत, खोकं तुमच्यासमोर फोडलं. तरी मघाशी वाचले तेव्हा तो शून्याचा चॅनेल त्यांत होता. दुसरीकडून घ्या म्हणालो असतो, पण मी चार ठिकाणांहून मागवून पाहिले. सगळ्यांत आहे.

न्या. एवढीच विनंती: काम सुटल्यावर माणसं आवाजावर मोजू नका, समोर उभी करून मोजा. आणि आकडा जुळला नाही, तर ओढूनताणून जुळवू नका, न जुळलेलाच लिहा. तेवढा हिशोब खरा ठेवा.