उपाशी फोन

जेवणं उरकून पोरं अंगणात जमली. गोरखआबांनी तंबाखूची चिमूट गालात सारली.

"वरच्या खोलीतल्या रुपालीची गोष्ट. गेल्या साली पिठोरी अमावास्येची, हितलीच. तिनं सोता सांगितली मला. निलेश, हसायचं न्हाई."

"हसतोय कुटं आबा? माझे दातच म्होरं हायेत."

आबा हसले नाहीत.

रुपाली नोकरी सांभाळून एक बिनपगारी काम करायची. रक्तदाते शोधून देणारं सॉफ्टवेअर, कुणाच्याच मालकीचं नसलेलं; कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. दवाखान्यांना अडचण आली की मदतीचा फोन यायचा. म्हणून तिघांनी ड्युटी वाटून घेतलेली: शिरगावची माधवी, इंदुरीचा प्रदीप आणि ती. ड्युटीचा फोन एकच, या हातातून त्या हातात जायचा. पुढच्यानं "घेतली" म्हटल्याशिवाय आधीचा सुटायचा नाही. आणि देताना फोन पूर्ण चार्ज करूनच द्यायचा, हा प्रदीपचा हट्ट. "उपाशी फोन कुणाच्या हातात देऊ नका गं," म्हणायचा.

त्याआधीच्या थंडीत प्रदीप घाटात गाडी घसरून गेला. उरल्या दोघी.

अमावास्येच्या संध्याकाळी माधवीनं घाईघाईत फोन दिला. उपाशीच. घरी लावू, म्हणून रुपालीनं "घेतली" म्हटलं. कुसगावात येते तर वाऱ्यानं तारा तुटलेल्या, गाव अंधारात.

मध्यरात्री फोन वाजला. इंदुरीच्या दवाखान्यातल्या अनिता सिस्टर.

"ताई, बाळंतीण आहे. बॉम्बे ग्रुप, हजारोंत एखाद्याचा. रक्त थांबत नाही आणि तुमची यादी उघडतच नाहीये... पहिलटकरीण आहे हो, ताई..."

"थांबा, मी आत्ता..."

फोन विझला.

तिचा स्वतःचा फोन तर संध्याकाळीच संपलेला. तिनं खालचं दार बडवलं. ("मी नेमका गावाला गेलतो," आबा पुटपुटले.) ती रस्त्यावर धावली. धुकं. एक गाडी नाही. एक दिवा नाही. तिकडे बाई जात होती आणि हिच्या हातात नुसतं डबडं.

ती पायरीवर कोसळली. तोच मेलेला फोन कानाला लावला. रडत ओरडली, "कुणीतरी ड्युटी घ्या रे!"

शांतता.

मग कानात, अगदी जवळ...

"घेतली."

ओळखीचा आवाज.

तिनं फोन पिशवीत टाकला. पहाटेपर्यंत हलली नाही.

पहिल्या गाडीनं इंदुरी गाठली. अनिता सिस्टर दारातच होत्या.

"वाचली हो, ताई! त्या दादांनी लगेच यादी उघडून दिली. चिंचवडचा दाता धावत आला."

"कोण... दादा?"

"नाव नाही सांगितलं. पण फोन तुमच्याच नंबरवरून आला की!"

रुपालीनं पिशवीत हात घातला. फोन कोमट लागला, आत्ताच चार्जरवरून काढल्यासारखा.

कुसगावात लाईट अजून आलेली नव्हती.

तिनं बटण दाबलं. पडदा उजळला.

पूर्ण चार्ज.