उजव्या स्पीकरसमोर

मी त्या दुकानात स्पीकर विकायला गेले होते, प्रेमात पडायला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आई अजूनही म्हणते की मी मुद्दाम हेलपाटे घातले.

स्पीकर बाबांचे होते. पाच, त्यातले पुढचे दोन माझ्या खांद्याएवढे उंच. बाबांनी तीस वर्षं सिनेमांना पावलांचे आवाज दिले. पडद्यावर नायिका चालते ना, तेव्हा ऐकू येणारी पावलं तिची नसतात. ती नंतर कोणीतरी बंद खोलीत, पडद्याकडे बघत, खडीच्या नाहीतर वाळूच्या ट्रेमध्ये चालून देतं. तो कोणीतरी म्हणजे आमचे बाबा. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागची खोली सिनेमासाठी हौसेनं सजवली, आणि गेल्या वर्षभरात तिथे बसणंच सोडलं. संवाद कळत नाहीत म्हणायचे.

"कान गेले माझे," ते एका सोमवारी म्हणाले. "रविवारपर्यंत ते स्पीकर काढून टाक." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुकानात गेले तर काउंटरवर कोणीच नाही. मांडणीच्या मागून फक्त दोन पाय दिसत होते.

"एक मिनिट हं..." पाय बोलले. मग धुळीनं माखलेला एक तरुण बाहेर आला, कानावर स्क्रू ड्रायव्हर अडकवलेला. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यानं मोबाइल अगदी नाकाशी नेला. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. याला नंबर आहे हे मला तिथेच कळलं.

"हे विकताय?" तो हळूच म्हणाला, जणू मी घरातलं माणूस विकायला काढलं होतं. "का हो?"

"बाबांचे कान गेलेत. संवाद कळत नाहीत."

"चालतात कशावर?"

"एक रिसीव्हर आहे. सगळं त्यातच. खूप तापतो, कधीकधी मध्येच बंद पडतो."

"मग कानांना कशाला फाशी? आधी डब्याची चौकशी करा की!"

मला हसू आलं, पण मी दाबलं. अनोळखी माणसाच्या पहिल्याच विनोदाला हसू नये, डोक्यावर बसतात.

त्यानं मला आतल्या खोलीत नेलं. दार लागलं आणि रस्त्यावरचा सगळा गलका नाहीसा झाला. इतका, की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

"बसा. डोळे मिटा."

"का?"

"नाहीतर लक्ष माझ्याकडे जाईल."

"फारच विश्वास आहे स्वतःवर!" म्हणत मी डोळे मिटले.

कुठल्याशा सिनेमातला एक प्रसंग त्यानं दोनदा लावला. आधी एकाच डब्यावर, मग दोन वेगवेगळ्या डब्यांवर. "सांगा... आधी बरं होतं, की आता?"

मी डोळे उघडून खळखळून हसले. हाच प्रश्न मी दिवसातून चाळीस वेळा विचारते, लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत. मला तो आजवर कोणी विचारला नव्हता.

"पुन्हा लावा," मी म्हटलं.

आणि या वेळी ऐकलं. पडद्यावरची बाई काहीतरी बोलणार असते, त्याच्या आधी ती श्वास घेते. एवढासा, अडखळलेला श्वास. पहिल्या वेळी तो नव्हताच. दुसऱ्या वेळी तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढं सगळं त्यात असतं? आणि बाबा आयुष्यभर हेच बनवत होते?

"आता," मी म्हटलं.

मग त्यानं समजावलं. प्रोसेसर ठरवतो, कुठला आवाज कुठल्या स्पीकरमध्ये जायचा, किती आणि कधी. अ‍ॅम्प्लिफायर फक्त ताकद देतो. "एक ठरवणारा, एक राबणारा. दोघांना एका डब्यात कोंबलं आणि स्पीकर तुमच्यासारखे खादाड असले..."

"काय म्हणालात?"

"तुमच्या*कडच्या*सारखे! ...तर राबणारा दमतो. मग बारीक आवाज आधी जातात, शब्दांच्या कडा जातात. बाबांना वाटतं, कान गेले."

"म्हणजे दोघांना वेगळं ठेवलं की दोघं नीट वागतात. आमच्या आई-बाबांसारखं."

"हो. पण मधली वायर चांगली हवी," तो म्हणाला आणि उगाचच लाजला.

त्या आठवड्यात मी चार वेळा गेले. निवड करायची होती ना! एका प्रोसेसरला सोळा स्पीकर चालत होते आणि पुढे दिव्यांची नुसती दिवाळी. दुसरा साधा, काळा, पण खोली नीट मोजून घेणारा. "आमच्याकडे पाच स्पीकर. सोळांचं काय लोणचं घालू?" म्हणत मी साधा निवडला, तर तो असा खूश झाला की जणू मीच परीक्षेत पहिली आले. अ‍ॅम्प निवडायची त्याची पद्धत और होती. "उचलून बघा. उचलला गेला, तर आपला नाही."

"आपला?" मी विचारलं.

"तुमचा... म्हणजे, बाबांचा," तो म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला.

ठरलं असं की रविवारी तो दोन्ही डबे घरी आणून जोडून देईल. बाबांना पटलं तर ठीक, नाहीतर संध्याकाळी स्पीकर घेऊन जाईल.

लिफ्ट नसलेल्या तीन मजल्यांवर तो अ‍ॅम्प आम्ही दोघांनी चढवला. प्रत्येक वळणावर तो "जमतंय ना?" विचारायचा आणि स्वतः धापा टाकायचा. आईनं दारातच त्याचं नाव वायरवाला ठेवलं. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

जोडणी झाली. आता मोजणी. बाबांच्या खुर्चीत, बरोबर त्यांच्या कानाच्या उंचीवर, त्यानं छोटा मायक्रोफोन उभा केला. प्रत्येक स्पीकर पाळीपाळीनं एक आवाज काढतो, तो मायक्रोफोन ऐकतो, आणि कुठला स्पीकर किती लांब आहे ते प्रोसेसर ठरवतो. "खोलीत कोणी थांबायचं नाही," वायरवाल्यानं दरडावून सांगितलं आणि आई-बाबांना बाहेर काढलं. मोबाइलवरून मोजणी सुरू केली... आणि तेव्हा त्याला दिसलं की मी उजव्या स्पीकरमागून टॉर्च घेऊन नुकतीच उठतेय.

मला बाहेर काढायला तो लगबगीनं आला. पण डाव्या स्पीकरनं सुरुवात केलीच. खोल, जमिनीतून आल्यासारखा एक सूर, वर वर चढत शिट्टीएवढा बारीक झाला. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही, मायक्रोफोन ऐकतोय. आम्ही उजव्या स्पीकरसमोर एकमेकांपासून वीतभर अंतरावर उभे. मग मधल्याचा सूर. मग उजव्याचा... तो माझ्या पाठीतून आरपार गेला. आठवडाभर आमची अखंड बडबड चालली होती; तोंड बंद करून त्याच्याकडे बघायची ही पहिलीच वेळ. त्याच्या पापणीवर धुळीचा एक कण होता. मला तो फार आवडला. म्हणजे कण नाही, तो.

मग सगळे जमले. बाबा हाताची घडी घालून खुर्चीत बसले. स्वतःच्याच कामातला एक प्रसंग त्यांनी लावायला सांगितला होता. नायिका पडद्याच्या डाव्या टोकापासून उजवीकडे खडीवर चालत जाते, बास.

ती चालली.

"बंद करा," बाबा म्हणाले.

आईनं माझा हात धरला. संपलं, मला वाटलं.

"ती अकरा पावलं चालते," बाबा सावकाश म्हणाले. "आठ बरोबर पडतात. नवव्याला ती मागे भिंतीकडे सरकते. उजवा लांब गेलाय."

वायरवाल्यानं टेप काढली. खुर्चीपासून उजवा स्पीकर तीन मीटर. प्रोसेसरनं नोंदवलं होतं, तीन मीटर साठ. तो टेपकडे बघत राहिला, मग बाबांकडे. "काका... दुकानातल्या आम्हा कोणाला हे नुसतं ऐकून कळलं नसतं."

बाबांनी हळूच आपल्या कानाला हात लावला, जणू तो आहे का ते चाचपत होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

मग ते आपल्या मूळ आवाजात म्हणाले, "मोजताना उजव्यासमोर कोणीतरी उभं होतं." जरा थांबून, "आणि एका माणसानं एवढं अडत नाही."

"अगं बाई!" आई म्हणाली.

आम्ही दोघं जमिनीवरच्या वायरी मोजत होतो.

मोजणी पुन्हा झाली. या वेळी चौघं खोलीबाहेरच्या बोळात, तोंडाला कुलूप, आणि आई-बाबा आमच्या बरोबर मध्ये उभे. मग ती बाई पुन्हा चालली. एक, दोन, तीन... खडीचा एकेक दाणा टाचेखाली फिरताना ऐकू येत होता. अकराव्या पावलाला ती थबकली, आणि पट्टा किंचित करकरला.

"या माझ्या सँडल्स!" आई ओरडली. "तरीच दर महिन्याला झिजायच्या!"

बाबा लहान मुलासारखे हसत होते. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. एवढी वर्षं मी या माणसाच्या घरात राहिले आणि त्यांचं चालणं आज पहिल्यांदा ऐकलं.

स्पीकर अर्थातच कुठे गेले नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही मागच्या खोलीत बसलो होतो. बाबांनी अचानक सिनेमा थांबवला आणि जिन्याकडे कान दिला.

"वायरवाला येतोय. दुसरा मजला. हातात काही नाही... मग पावलं इतकी जड का?" ते माझ्याकडे वळले. "घाबरलाय बिचारा. जा, दार उघड."

मी उघडलं. नवा चष्मा लावून तो उभा होता. मीच नंबर काढून दिला होता.

"काही बिघडलं का?" मी विचारलं.

"नाही. म्हणजे... एक सांगायचं राहिलं." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्या दिवशी मोबाइल माझ्या हातातच होता. एक बटण दाबलं असतं, तर मोजणी तिथेच थांबली असती."

"मग?"

"दाबावंसं वाटलं नाही. आजही नसतं दाबलं. उद्याही नाही. तुमची... तुमची हरकत नसेल तर."

मी एक पाऊल पुढे गेले, त्याच्यापासून वीतभर अंतरावर थांबले आणि विचारलं, "आधी बरं होतं, की आता?"

"आता," तो म्हणाला.

आतून बाबांचा आवाज आला. "दोघं आत या! आणि उजव्यासमोर उभे राहू नका, माझी नायिका चालतेय."